क्रिएटिनिन नॉर्मल आहे, मग लघवी कशाला?

मधुमेहाच्या तपासण्यांची चिठ्ठी घेऊन आलेला माणूस काउंटरवर हमखास विचारतो, "क्रिएटिनिन करतोय ना, मग लघवीतलं अल्ब्युमिन आणखी कशाला?" रक्त द्यायला सगळे बाही वर करून तयार, लघवी म्हटलं की तोंड वाकडं. दोन्ही तपासण्या मूत्रपिंडासाठीच: क्रिएटिनिन हा रक्तातला टाकाऊ पदार्थ, अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन. मी लॅब टेक्निशियन आहे. गर्दीच्या वेळी "डॉक्टरांनी लिहिलंय, देऊन टाका" एवढंच बोलून होतं. इथे जरा ऐसपैस सांगते.

हृदय दर मिनिटाला जेवढं रक्त पुढे ढकलतं, त्यातला साधारण पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो, म्हणजे लिटरभर. एकेका मूत्रपिंडात सुमारे १० लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे सूक्ष्म घटक, असतात. प्रत्येकाच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा एक गुंता, ग्लोमेरुलस. हीच गाळणी. तिथे रक्तातलं पाणी, क्षार, साखर, युरिया गाळून बाहेर पडतात. रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं आतच राहतात. हे गाळप दिवसाला जवळजवळ १८० लिटर होतं. लघवी होते मात्र दीड-दोन लिटर. बाकीचं सगळं पुढच्या नळीत परत शोषलं जातं: साखर तर निरोगी माणसात जवळपास पूर्ण, मीठ आणि पाणी शरीराला हवं तेवढं. मला विचाराल तर मूत्रपिंडाची खरी करामत टाकण्यात नाही, परत घेण्यात आहे.

रात्री पाणी पोटात जात नाही, मेंदूतून सुटणारं एडीएच संप्रेरक पाणी राखायला सांगतं, म्हणून सकाळची पहिली लघवी दाट आणि गडद. आम्ही तीच मागतो ती यासाठीच. सौम्य बिघाड पातळ लघवीत विरून जातात.

आता अल्ब्युमिन. हे प्रथिन गाळणीतून जवळजवळ सुटतच नाही. मधुमेहाने किंवा वाढलेल्या रक्तदाबाने गाळणीला इजा झाली की ते थोडं थोडं झिरपायला लागतं. सुरुवातीला डोळ्यांना काही दिसत नाही. गळती खूप वाढली तर लघवीला टिकून राहणारा फेस येतो. त्या वेळी रक्तातलं क्रिएटिनिन मात्र बऱ्याचदा मर्यादेतच असतं. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं, आणि गाळण्याची क्षमता निम्म्यावर येईपर्यंत ते रिपोर्टात 'नॉर्मल'च्या रकान्यात बसून राहू शकतं. अंगात स्नायू कमी असलेल्या कृश, वयस्कर माणसात तर ते आणखी फसवतं. म्हणून क्रिएटिनिनवरून, वय आणि लिंग धरून, ईजीएफआर म्हणजे गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज काढतात आणि सोबत लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं प्रमाण पाहतात. ते ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत हवं. एकदा जास्त आलं म्हणून घाबरायचं नाही. ताप किंवा दणकून व्यायाम यानेही ते वाढतं. तीन महिन्यांनंतरही वाढलेलंच राहिलं, तर तो मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार.

माझा आवडता भाग मायक्रोस्कोपचा. लघवी सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवायची, वरचं पाणी ओतून द्यायचं, तळाचा थेंब स्लाइडवर. कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक दिसतात ते बंद पाकिटासारखे, चौकोनात फुलीची रेघ. हे रिपोर्टात वाचून लोक मुतखडा झाला असं धरून चालतात. नुसते स्फटिक निरोगी माणसातही सापडतात, शिवाय नमुना गार झाला की वाढतात. खरं लक्ष द्यावं ते कास्टकडे. नेफ्रॉनच्या नळीत प्रथिन गोठतं, नळीचाच आकार घेतं आणि लघवीतून बाहेर येतं. त्यात लाल पेशी अडकलेल्या दिसल्या, की रक्त मूत्राशयातून नाही, वरून मूत्रपिंडातूनच येतंय हे कळतं. असा कास्ट दिसला की मी रिपोर्ट पाठवण्याआधी डॉक्टरांना फोन करते. पण कास्ट फार वेळ टिकत नाहीत, विरघळतात. सकाळचा नमुना दुपारी आणून दिला तर मी काय शोधणार?

पस सेल्स, म्हणजे लघवीतल्या पांढऱ्या पेशी, वाढलेल्या बहुतेक वेळा संसर्गाने, आणि तो बहुधा ई. कोलाय या जिवाणूचा. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा, त्यामुळे त्यांना त्रास जास्त. खडा ५ मिलिमीटरच्या आतला असेल तर बहुतेक वेळा आपणहून पडतो, जीव कासावीस करून का होईना. वेदनाशामक गोळ्या मनाने रोज घेणाऱ्यांबद्दल मी इथे बोलत नाही, नाहीतर पोस्ट भांडणात संपेल. त्यातल्या बऱ्याच गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात, एवढं ध्यानात ठेवा.

आणखी एक गोष्ट टेबलावर वरचेवर दिसते: हिमोग्लोबिन घसरलेलं आणि त्याच माणसाचं क्रिएटिनिन चढलेलं. रक्तपेशी बनवायला सांगणारं एरिथ्रोपोएटिन मूत्रपिंडच तयार करतं. थकव्यासाठी नुसत्या लोहाच्या गोळ्या गिळून तिथे भागत नाही.

तेव्हा टाइप २ मधुमेह असेल तर निदान झाल्यापासून दरवर्षी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, दोन्ही तपासण्या करा. लघवीची पहिली धार सोडून मधली घ्या, पाळी चालू असेल तर आधी सांगा, तास-दोन तासांत नमुना पोचवा. आणि नाव बाटलीवर लिहा, झाकणावर नको. झाकणं अदलाबदल होतात.