हेल्मेटमधलं गाणं

दर शनिवारी पहाटे मी युनिकॉर्नवर पुण्याहून साताऱ्याला आईकडे जातो. आधी इअरफोन, मग हेल्मेट, वायर जर्किनच्या आत. शिरवळ येईपर्यंत अहिर भैरव रागाचा विलंबित ख्याल रंगात आलेला असायचा. ते सुख खरंच फार मोठं होतं.

मग एकदा खंबाटकी घाट चढताना पुढचा ट्रक रेंगाळला म्हणून मी उजवीकडे घेतलं. आरशात पाहिलं तर कंटेनरचं बंपर अगदी पाठीशी. गाडी डावीकडे ओढली. शेजारून जाताना क्लीनर खिडकीतून ओरडत होता, ‘‘कधीचा हॉर्न देतोय, ऐकू येत नाही का?’’ खरंच आलं नव्हतं. हात इतके कापत होते की क्लच धरवेना.

हायवेच्या वेगात हेल्मेटमध्ये वाऱ्याचाच आवाज ९० डेसिबलच्या आसपास जातो. गाणं ऐकू यायला आवाज त्याच्याही वर न्यावा लागतो. म्हणजे कान तर बिघडतातच, वर हॉर्न बुडतो तो वेगळाच.

आता मी फोमचे बोळे घालतो. बोटांत वळून बारीक करायचे, कान वर ओढून आत सरकवायचे, फुगेपर्यंत धरून ठेवायचे. वाऱ्याची ती सततची घरघर उतरते. हॉर्न दबका, पण स्पष्ट कळतो. परवा चेन सैल झालेलीसुद्धा आवाजावरून समजली.

अहिर भैरव आता घाट उतरल्यावर, सुरूर फाट्याला चहासोबत. गाडी स्टँडवर, हेल्मेट आरशाला अडकवलेलं.