उपटून बघायचा डबा

लातूर, मार्गशीर्ष वद्य दशमी

वेळ अमावास्या, म्हणजे आमच्याकडची येळवस, शेतावर जाऊन पूजा करून तिथेच जेवायचा सण, पाच दिवसांवर आली आहे. आज सकाळी नातीने गच्चीवरून खाली येऊन जाहीर केले की शेतावरच्या भज्जीत, म्हणजे पालेभाज्या आणि शेंगा-दाणे एकत्र शिजवून केलेल्या येळवशीच्या भाजीत, यंदा आपलीच मेथी पडली पाहिजे. आपली मेथी म्हणजे तेलाचा पत्र्याचा डबा आडवा कापून केलेल्या दोन कुंड्यांतली. सगळी उपटली तरी एक जुडी भरेल की नाही याची मला शंका आहे, आणि भज्जीचे पातेले तर वीस-पंचवीस माणसांचे असते. तरीही मी लगेच होकार दिला, कारण गेल्या येळवशीला हीच पोरगी भज्जीतली पाने बोटाने वेचून पत्रावळीच्या कडेला लावत बसली होती.

हा उद्योग दसऱ्यानंतर सुरू झाला. त्यावर पैसे घालायचे नाहीत, असे मी आधीच ठरवले होते. मेथी आणि धने मसाल्याच्या डब्यातून घेतले. पुदिन्याच्या बाजारातल्या जुडीची पाने चटणीत गेल्यावर उरलेल्या जाड काड्या सुनेने पाण्याच्या पेल्यात उभ्या केल्या आणि आठ-दहा दिवसांत त्यांना पांढऱ्या मुळ्या फुटल्या. पानओव्याची फांदी शेजारच्या वहिनींनी दिली, ती नुसती खोवली तरी जगली. मुळ्याचे बी मात्र दुकानातून आणावे लागले. असे पाकिटातले बी पुष्कळदा औषध लावून रंगवलेले असते आणि आमच्या चार वर्षांच्या नातवाचा हात मातीतून थेट तोंडात जातो, म्हणून ते मी स्वतःच पेरले.

पहिली खेप वाया गेली, आणि ती सर्वस्वी माझ्या चुकीने. जन्म काळ्या रानात गेलेला असूनही मी डब्यांत निव्वळ काळी माती भरली. पाणी घातले की तिचा लगदा होई आणि वाळली की तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडत. त्यातच धने अख्खे टाकले होते. नातू रोज उठल्याबरोबर विचारी, "आबा, आज तरी आलं का?" पंधरा दिवसांनी त्याने विचारणेच सोडून दिले आणि मला न उगवलेल्या कोथिंबिरीपेक्षा त्याचे अधिक वाईट वाटले. दुसऱ्या खेपेला काळी माती, चांगले कुजलेले शेणखत आणि वाळू सारख्या प्रमाणात घेतली, डब्यांच्या बुडाला खिळ्याने भोके पाडली, आणि धने लाटण्याखाली हलके रगडून रात्रभर भिजत घातले. रगडण्याचे काम पोरांकडे दिले. एका धन्याच्या दोन फाका होतात आणि प्रत्येक फाकेतून वेगळे रोप येते, हे नातीला इतके नवल वाटले की तिने लागणाऱ्यापेक्षा तिप्पट धने रगडून ठेवले. उरलेले आमटीत गेले.

त्या पंधरा दिवसांतून मी एक गोष्ट शिकलो. लहान मुलासाठी भाजी निवडताना तिच्या चवीचा विचार मागाहून करावा, आधी ती किती दिवसांत मातीबाहेर डोके काढते ते पाहावे. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी माना वर काढते, कोथिंबिरीला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून मेथी पुढच्या डब्यात आणि कोथिंबीर मागच्या. मुळा तर जमिनीखाली काय करतो ते दिसतच नाही, त्यामुळे नातू त्याला रोज उपटून पाही आणि परत खोची. रागावून उपयोग झाला नाही, तेव्हा मी एक डबा त्याच्याच नावाने काढून दिला. त्यातले काहीही, केव्हाही उपटावे. बाकीच्या डब्यांना मात्र हात लावायचा नाही. ही तडजोड बऱ्यापैकी टिकली. चिमण्यांशी अशी तडजोड होईना, म्हणून मेथीच्या कोवळ्या कोंबांवर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा ताणला.

पाण्याचा नियम मात्र मी सैल होऊ दिला नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, तेव्हा ही दोन्ही लेकरे जन्मलेलीही नव्हती. डब्यांना तांदूळ, डाळ आणि भाज्या धुतलेलेच पाणी मिळते, आणि ते तांब्याने वर नेण्याचा मान दोघांत वारीने आहे.

खाण्याच्या बाबतीत सगळेच साधले असे म्हणवत नाही. पहिला मुळा नातीने मीठ लावून खाल्ला, नातवाने थुंकला. पानओव्याची पाने बेसनात बुडवून केलेली भजी मात्र ताटात पडायच्या आत संपतात, आणि पाने दोघे स्वतः मोजून खुडतात. कोवळी मेथी नात आता भाकरीबरोबर कच्चीच खाते, वर शेंगदाण्याची चटणी आणि तेल.

भज्जीत बहिणीची मेथी जाणार हे कळल्यावर नातवाने आपल्या डब्यातला मुळाही गेला पाहिजे असा हट्ट धरला. तो बोटभरसुद्धा झालेला नाही. चतुर्दशीला उपटू, तोवर त्याला हात लावायचा नाही, असे सुनेने त्याच्याकडून कबूल करून घेतले. दुपारी मी गच्चीवर गेलो, तेव्हा त्या डब्यातली माती पुन्हा उकरलेली होती.