भागीरथीतली ८१ किलोमीटरची पोहण्याची शर्यत: कोल्हापूरहून बहरमपूरला जाणाऱ्यांसाठी

या शर्यतीला निघालात तर तिकीट काढायच्या आधी एवढं बघून घ्या, आपलं बहरमपूर पश्चिम बंगालमधलं, मुर्शिदाबाद जिल्ह्यातलं. ओडिशातपण ब्रह्मपूर म्हणून मोठं स्टेशन आहे, अ‍ॅपवर नावं जवळपास सारखीच दिसतात आणि घाईत भलतंच तिकीट निघेल. आपल्याला पाहिजे ते बहरमपूर कोर्ट, सियालदा-लालगोला लाईनवरचं. आम्ही कोल्हापूरहून पुणे, मग आझाद हिंदनं हावडा आणि सियालदाहून भागीरथी एक्सप्रेस असं गेलो. हावडा आणि सियालदा वेगवेगळी स्टेशनं आहेत, मधे हुगळी आणि कोलकात्याचं ट्रॅफिक, त्यामुळं दोन गाड्यांच्या मधे तीन-चार तास तरी ठेवाच.

भाचा १९ किलोमीटरच्या गटात उतरणार होता, म्हणून मी आणि अंबाई टँकवरची (कोल्हापूरचा पोहण्याचा तलाव) दोस्तमंडळी सोबत. मुर्शिदाबाद स्विमिंग असोसिएशन ही शर्यत कित्येक दशकं भरवतेय. मोठी शर्यत जंगीपूरजवळच्या अहिरण घाटावरून पहाटे सुटते आणि बहरमपूरच्या गोराबाजार घाटावर संपते, ८१ किलोमीटर. छोटी जियागंजहून त्याच घाटापर्यंत. तिथली लोकं हिला जगातली सगळ्यात लांब शर्यत म्हणतात, अर्जेंटिनात पाराना नदीत एर्नांदारियास ते पाराना ८८ किलोमीटरची शर्यत आहे, पण हा वाद घाटावर काढू नका, चहा मिळणार नाही.

आता ८१ ऐकून घाबरायच्या आधी गणित बघा. पहिले येणारे साधारण दहा-बारा तासात पोचतात, म्हणजे ताशी सात-आठ किलोमीटर पडतात, आणि ऑलिम्पिकचे १० किलोमीटरवाले सुद्धा तासाला साडेपाचच्या आसपास असतात. म्हणजे बाकीचं नदी करते. आणि त्या नदीचीपण एक गोष्ट आहे. भागीरथी म्हणजे गंगेचा बंगालमधला फाटा, तिचं गंगेशी जोडलेलं तोंड गाळानं भरत गेलं होतं, पावसाळा सोडला तर पाणी फार कमी यायचं. कोलकाता बंदर गाळात जायला लागलं म्हणून गंगेवर फराक्का बॅरेज (मोठा बंधारा) बांधलं, १९७५ ला सुरू झालं, तिथून ३८ किलोमीटरचा कालवा काढून गंगेचं पाणी जंगीपूरजवळ भागीरथीत सोडलं. बंदरासाठी केलेल्या त्या कालव्याचा धक्का आज पोहणाऱ्यांना पाठीमागून मिळतो. शर्यत ऑगस्ट-सप्टेंबरमधे असते, तेव्हा पावसाचं पाणीपण वरून असतंच.

पण पाणी फुकट पुढं नेतं असं समजू नका. वळणावर बाहेरच्या काठाकडं धार जोरात असते आणि आतल्या काठाला पाणी जवळजवळ उभंच, काही ठिकाणी उलटं फिरतं. सरळ रेषेत पोहायला गेलेला मागं पडतो. आमचा भाचा पंचगंगेत पोहून तयार झालेला, पुरात शिवाजी पुलावरनं उड्या टाकणाऱ्या पोरांतला (घरच्यांना सांगू नका), त्यामुळं त्याला धार ओळखता येते, पण इथं पात्र एवढं रुंद की पाण्यातनं काठच नीट कळत नाही. तेव्हा आदल्या दिवशी नाव भाड्यानं घेऊन रूट बघून या, नावाड्याला विचारा, त्याला सगळं माहीत असतं. काखेत, मानेला व्हॅसलीन भरपूर लावा. आणि बोटीवरनं खायला देताना पोहणाऱ्याचा हात बोटीला लागू द्यायचा नाही, लांब काठीला कप बांधून द्या, असल्या शर्यतीत बोट धरली की बाद.

बघायला जाणाऱ्यांनी फक्त शेवटच्या घाटावर थांबू नये. आधी जियागंजला जा, छोट्या शर्यतीची सुरुवात बघा, मग टोटो (तिकडं ई-रिक्षाला टोटोच म्हणतात) पकडून लालबागला या. हजारदुआरी राजवाडा नदीच्या कडेलाच आहे, १८३७ ला पूर्ण झाला, हजार दारं आणि त्यातली शंभर खोटी! शुक्रवारी म्युझियम बंद असतं. संध्याकाळी गोराबाजारला मात्र लवकर जाऊन जागा धरा, एवढी गर्दी आपल्याकडं फुटबॉल फायनललाच बघितलेली.

बंगाल्यांना पोहण्याचं एवढं वेड का, हे घाटावरच्या एका काकांनी समजावलं. १९५८ ला ब्रजेन दास इंग्लिश चॅनेलच्या शर्यतीत पुरुषांत पहिले आले, त्याच वर्षी मिहिर सेननी चॅनेल पार केली, आरती साहा १९५९ ला ऑगस्टमधल्या शर्यतीत पोचू शकल्या नाहीत आणि लगेच सप्टेंबरमधे परत उतरून १६ तास २० मिनिटांत पलीकडं गेल्या. दोन्ही पाय गुडघ्याखाली गमावलेल्या मसूदूर रहमान वैद्यनी १९९७ ला तीच चॅनेल पार केली. काका ही नावं घरच्या माणसांसारखी घेत होते.

भाचा पोचला, नंबर नाही आला पण पोचला. उकाडा आणि दमट हवा लई वाईट, ओआरएस जवळ ठेवा. जेवणात मोहरीतला मासा मिळेल, तांबडा-पांढरा विसरा. बहरमपूरची छानाबडा ही मिठाई घ्याच, खागड्याची (हा बहरमपूरचाच भाग) काशाची भांडी जड असतात, बॅगेचा विचार करून घ्या. शर्यतीच्या आठवड्यात हॉटेलं भरतात, तेव्हा तारीख जाहीर झाल्या झाल्या आधी खोली, मग रेल्वे.