पुराची रेघ

गेल्या आषाढात वहीत लिहिलेली ही काही पानं. ज्या रहस्यकथेबद्दल ती आहेत ती दिवाळीत छापून आली, तेव्हा आता तिचा उलगडा उघड सांगायला हरकत नाही.

सोमवार, रात्र

कथा एकदाची संपली. आमच्या चिपळूणच्या बाजारपेठेतलं जुनं दुमजली घर, तळमजल्यावर एकटे राहणारे निवृत्त मास्तर, त्यांना सांभाळायला पुण्याहून येऊन राहिलेला पुतण्या, मुंबईला असलेली मुलगी. एका सकाळी मास्तर अंथरुणातच गेलेले आढळतात. चार दिवसांनी मृत्युपत्र निघतं, तारीख २०१९ची, घर पुतण्याच्या नावावर. शेवटी इन्स्पेक्टर त्याला समोर बसवतात, एकेक प्रश्न विचारत जातात आणि तो ढसाढसा रडत सगळं कबूल करतो. ते लिहिताना माझा गळा दाटून आला होता.

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. दुपारी दुकान बंद करून येताना वाशिष्ठी नदी बघून आले. पाणी अजून बरंच खाली आहे.

उद्या शेजारच्या काकांना कागद देते. पोलिसांत हवालदार होते, शेवटची बरीच वर्षं 'रायटर' म्हणून. तपास साहेबांचा आणि लिखाण काकांचं. कथा वाचायला त्यांच्याइतका योग्य माणूस या आळीत दुसरा नाही.

मंगळवार

झोप लागली नाही. आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेची आठवण येत राहिली. त्या ट्रंकेत बाबुराव अर्नाळकर होते, पातळ पातळ पुस्तकांच्या चळतीच्या चळती. त्यांचे नायक झुंजार आणि काळा पहाड मला तिथेच भेटले. अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. एका माणसाच्या हातून एवढं लिहून कसं होतं, याचं मला तेव्हाही नवल वाटायचं आणि आज एक कथा लिहिताना दमछाक होते तेव्हा जास्तच वाटतं. मराठीत असंख्य लोकांना वाचायची सवय या पुस्तकांनी लावली. त्यांना कमी लेखणाऱ्यांशी मी आजही भांडते. आजोबा चौथी शिकलेले. जेवण झालं की कंदिलाजवळ बसून ते पुटपुटत वाचायचे आणि भेद उघडायच्या आधी पुस्तक उलटं ठेवून आजीला विचारायचे, "सांग, कोण असेल?" आजी भाकऱ्यांचं पीठ मळता मळता नाव सांगायची आणि बहुतेक वेळा ते बरोबर असायचं.

ती ट्रंक २२ जुलै २०२१च्या पुरात गेली. पाणी ओसरल्यावर उघडली तर आत राखाडी लगदा होता. पान पानापासून सुटेना.

कॉलेजात सुहास शिरवळकर आले. दारा बुलंद आवडायचा, पण जीव जडला तो बॅरिस्टर अमर विश्वासवर, कारण तिथे भेद कोर्टात उघडायचा आणि कोणीतरी उलटतपासणीला उभं असायचं. मग बंगालीतून आलेला ब्योमकेश. शरदिंदू बंद्योपाध्यायांनी १९३२ साली त्याला उभा केला. त्याला स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवून घ्यायला आवडत नाही, तो 'सत्यान्वेषी' म्हणवतो. हा शब्द मला फार मोठा वाटतो. आणि अर्थात अगाथा ख्रिस्ती. पहिल्या महायुद्धात तिने टॉर्की गावातल्या इस्पितळाच्या औषधालयात काम केलं आणि १९१७ साली औषधं बनवण्याची परीक्षाही दिली. १९२०च्या पहिल्याच कादंबरीत तिने विषाचं काम इतकं चोख केलं होतं की औषधशास्त्राच्या व्यावसायिक नियतकालिकाने तिची वाखाणणी केली. मी स्वतः रोज दहा तास मेडिकलच्या काउंटरमागे उभी असते. तिच्याबद्दल वाचलं त्या दिवशी वाटलं होतं, आपल्या कामातूनही कथा निघू शकते.

बुधवार

काकांनी कागद परत दिले. चहा होईपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कथा छान आहे. पण बाय, हा सुटला."

"कोण?"

"तुझा पुतण्या. निर्दोष सुटला. पोलिसापुढं दिलेली कबुली कोर्टात वाचत नाहीत."

मला हे ऐकून माहीत होतं आणि तरी माहीत नव्हतं. इतकी वर्षं गुन्हेगारांना शेवटच्या पानावर इन्स्पेक्टरसमोर कोसळताना वाचलंय की ते तसंच असतं असं डोक्यात बसून गेलंय. काकांनी नीट समजावून सांगितलं. १८७२च्या पुरावा कायद्यात पंचविसावं कलम होतं: पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यात हीच गोष्ट तेविसाव्या कलमात आहे. खुनाचं 'तीनशे दोन' जाऊन 'एकशे तीन' आलं तसंच. "आकडे बदलले. कारण तेच आहे. मारहाण करून कोणाकडूनही काहीही वदवून घेता येतं." हे सांगताना काका माझ्याकडे बघत नव्हते. मी पुढे विचारलं नाही.

कबुली द्यायची तर मॅजिस्ट्रेटपुढे. ते आधी बजावतात की तू बोललंच पाहिजेस असं नाही, बोललास तर ते तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल, आणि विचार करायला वेळ देतात. पोलिसापुढच्या बोलण्यातला एकच तुकडा चालतो. 'वस्तू मी अमुक जागी लपवली आहे, चला, काढून देतो' असं आरोपी दोन पंचांसमोर म्हणाला आणि ती तिथे खरोखर निघाली, तर शोधाला कारण झालेलं तेवढंच बोलणं. त्याला 'निवेदन पंचनामा' म्हणतात. आरोपी पुढे चालतो, मागे पंच, मागे पोलीस.

दुसरी चूक जास्त बोचली, कारण ती माझ्या कामातली होती. माझ्या कथेत डॉक्टर त्याच दुपारी विषाचं नाव सांगतात. प्रत्यक्षात व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवतात, तो प्रयोगशाळेत जातो आणि अहवाल यायला कधी कधी महिने लागतात. तोवर पोलीस ठाण्यात नोंद असते ती फक्त 'अकस्मात मृत्यू'. घरात संशय आहे आणि कागदावर अजून खून झालेलाच नाही, असे ते दिवस. मी हातातला सगळ्यात सकस काळ एका वाक्यात उडवून लावला होता.

बुधवार, उशिरा

निघताना काकांना विचारलं, पंचनामा कसा लिहायचा? ते खुर्चीत ताठ बसले, डोळे मिटले आणि सांगू लागले. मी मिळेल त्या कागदावर उतरवत गेले:

"सदरचे घटनास्थळ हे बाजारपेठेतील पूर्वाभिमुख कौलारू दुमजली घर असून त्याच्या पूर्वेस रस्ता, पश्चिमेस परसू व विहीर, दक्षिणेस दुसऱ्याचे घर, उत्तरेस बोळ, अशी चतुःसीमा आहे. दर्शनी दरवाजा दोन फळ्यांचा असून आतून कडी आहे. आतील खोलीत पश्चिमेकडील भिंतीस लागून एक लाकडी कपाट असून…"

घर माझं, डोक्यातलं. पण काकांच्या तोंडून ते ऐकताना अंगावर काटा आला. एकही विशेषण नाही. 'भयाण' नाही, 'गूढ' नाही. आणि तरी मी त्या खोलीत उभी होते. मराठीत इतकं नेटकं, इतकं डोळ्यांनी लिहिलेलं गद्य रोज ठाण्याठाण्यांत लिहिलं जातं आणि आपण त्याला रुक्ष म्हणतो. मी ओघात 'खिडकी कदाचित बाहेरून उघडली असावी' असं घातलं, तर काका म्हणाले, "कदाचित काढ. दिसलं ते लिही."

शेवट ठरलेला: 'येणेप्रमाणे पंचनामा पंचांना वाचून दाखविला, तो बरोबर आहे.' मग सह्या.

शुक्रवार

सापडलं! दुकानात गर्दी असताना सापडलं. एक बाई रक्तदाबाच्या गोळ्या मागत होत्या, मी वरच्या फळीकडे हात केला आणि भिंतीवरची रेघ दिसली. २०२१च्या पुराची. रंग दोनदा दिलाय, तरी पावसाळ्यात ओल धरून ती वर येते. माझ्या डोक्यापेक्षा हातभर उंच. बाजारपेठेतल्या कुठल्याही माणसाला विचारा, तो हात वर करून दाखवेल, "इथपर्यंत." काही जण २००५चीही दाखवतात. आपल्याकडे लाकडी कपाट बघितलं की कळतं ते पुराच्या आधीचं की नंतरचं. आधीचं असेल तर खालच्या फळ्या फुगलेल्या, खण ओढताना अडकतो, आतून तो वास अजून येतो. आधीचे कागद तर दुरूनच ओळखू येतात. काठाला तपकिरी नकाशे असतात, शाई पसरलेली असते.

आणि माझा पुतण्या म्हणतो, मृत्युपत्र मास्तर २०१९पासून तळमजल्यावरच्या कपाटाच्या खालच्या खणात ठेवत आले होते.

कागद कोरा करकरीत.

तो असं का म्हणेल? माडीवर कागद होता असं त्याला म्हणता येत नाही, कारण मुलीने गेल्या दिवाळीत माडी झाडून पुसून लावली होती. म्हणून तो खालचं कपाट सांगतो. आणि तो इथे आला २०२२ साली. त्याने पूर पाहिलेलाच नाही. बातम्या पाहिल्या असतील. पण ते कपाट तीन दिवस चिखलात आडवं पडलं होतं, मास्तरांनी ते उन्हात घासून पुसून पुन्हा उभं केलं, हे त्याच्या अंगात नाही. चिपळूणच्या माणसाने ही चूक केलीच नसती. गुन्हेगार उघडा पडतो तो या गावाचं दुःख त्याला माहीत नसल्यामुळे.

मी गोळ्या द्यायच्या विसरले होते. बाई बिचाऱ्या शांतपणे उभ्या होत्या.

शनिवार

रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज धर्मगुरूने १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम लिहून ठेवले. त्यातला आठवा मला सगळ्यात जवळचा: शोध घेणाऱ्याला जो धागा मिळेल तो त्याच क्षणी वाचकालाही मिळाला पाहिजे. मी रेघ आणि फुगलेलं कपाट दोन्ही पहिल्याच प्रकरणात, पंचनाम्यात ठेवलं. चतुःसीमा आणि दाराची कडी यांच्या मध्ये. लपवलं काहीच नाही, फक्त तिथे थांबले नाही. आजीने हे पान ऐकलं असतं तर पीठ मळता मळता नाव सांगितलं असतं, याची मला खात्री आहे, आणि कथा तशीच हवी.

काकांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "यानं कागद खोटा ठरेल. खून नाही." खरं आहे. मृत्युपत्राला दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, तिथून तपास पुढे जाईल, आणि विषाच्या बाटलीसाठी निवेदन पंचनामा. पुतण्या पुढे चालतो, न्हाणीच्या कौलांत हात घालतो. तिथे कथा संपवायची. रडणं नाही.

रविवार

सगळं जमलं असं वाटत होतं. संध्याकाळी काकांनी पहिलं प्रकरण वाचलं आणि विचारलं, "मयताच्या अंगावर काय होतं?"

मी लिहिलंच नव्हतं. खोली लिहिली, कपाट लिहिलं, भिंतीवरची रेघ लिहिली. मास्तर म्हणजे अंथरुणातला एक देह होता, कथा सुरू करून देण्यापुरता. काकांनी आवाज चढवला नाही, पण म्हणाले, "आम्ही आधी माणूस लिहायचो, मग खोली. अंगातला कपडा, हातातला दोरा, चष्मा, जुनी खूण. नातेवाईक वाचतात ना नंतर."

मी वाचलेल्या शेकडो कथांमधले मेलेले लोक आठवायचा प्रयत्न केला. मारेकरी आठवले. शोधणारे तर सगळेच आठवले.

घरी येऊन दिवा लावला आणि मास्तरांपाशी बसले. अंगात खांद्यावर विरलेला बनियन. उजव्या तर्जनीवर शाईचा डाग, म्हणजे आदल्या रात्री काहीतरी लिहिलं होतं. काय, ते मला अजून माहीत नाही. चष्मा उशाशी घडी घालून ठेवलेला, एका काडीला दोरा बांधलेला. पायाच्या अंगठ्याला जुनी जखम, पुरात कपाट उचलताना झालेली.

साडेबारा वाजले. कथा वीस तारखेच्या आत पाठवायची आहे. कबुलीची तीन पानं अजून काढायची आहेत, ती उद्या दुकान उघडायच्या आधी काढते. आत्ता मास्तरांनी रात्री काय लिहिलं ते बघते.