रंग गेला कुठे?

टिंक्चर आयोडिनची बाटली, वर्गमित्रांनो, आपल्या शाळेत एकच होती. मधल्या सुट्टीत कबड्डी खेळताना गुडघे फुटले की तीच निघायची, आणि दहावीला कार्बनी संयुगांचा धडा आला तेव्हाही कपाटातून तीच बाहेर आली. साल १९८४. विज्ञानाच्या सरांनी दोन परीक्षानळ्या घेतल्या. एकीत शेंगदाण्याचं तेल, दुसरीत गरम पाण्यात धरून वितळवलेला डालडा. दोन्हींत टिंक्चरचे चार-चार थेंब टाकले, बुचं लावली आणि नळ्या पहिल्या बाकावरच्या दोघांच्या हाती हलवायला दिल्या. तेलातला तपकिरी रंग हळूहळू फिका होत गेला. डालड्यातला बराचसा तसाच राहिला.

आम्ही वहीत लिहून मोकळे झालो : तेल असंतृप्त, वनस्पती तूप संतृप्त. परीक्षेला एवढंच लागायचं. सर मात्र फळ्याकडे वळलेच नाहीत. त्यांनी विचारलं, "रंग गेला कुठे?"

"उडाला," मागून कुणीतरी म्हणालं.

"बूच आहे. उडेल कुठून?"

"तेलानं खाल्ला, सर."

"खाल्ला म्हणजे नेमकं काय केलं?"

तास संपला. दुसऱ्या दिवशी सर आगपेटीच्या काड्या आणि चिकणमातीचे गोळे घेऊन आले. दोन गोळ्यांमध्ये, म्हणजे तेलातल्या दोन कार्बनमध्ये, दोन काड्या खोचल्या, हा दुहेरी बंध; तो असतो म्हणून तेल असंतृप्त. मग त्यातली एक काडी काढली आणि मोकळ्या झालेल्या दोन्ही हातांवर आयोडिनचा एकेक गोळा बसवला. गोळे मोजायला लावले. आधी जितके होते तितकेच नंतरही होते. माझं पुढचं सगळं शिक्षण आणि सगळी नोकरी त्या मोजणीतून निघाली, हे मी आज पूर्ण जबाबदारीनं लिहितो.

कॉलेजात गेल्यावर कळलं की सरांच्या त्या प्रयोगाला आकडाही आहे. शंभर ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडिन घेतं, तो त्याचा आयोडिन अंक. खोबरेल तेलाचा सात ते दहाच्या घरात, शेंगदाण्याचा नव्वदीच्या आसपास, करडईचा एकशे चाळीसच्या जवळपास. नुसतं आयोडिन फार सावकाश जोडलं जातं, म्हणून प्रयोगशाळेत आयोडिन मोनोक्लोराइड वापरतात. आईच्या स्वयंपाकघरातल्या तीन बरण्या मला त्या दिवसापासून वेगळ्या दिसायला लागल्या.

एम.एस्सी.ला मी हॅलोजनच्याच, म्हणजे आयोडिन आणि त्याच्या क्लोरीन, ब्रोमीन या भाऊबंदांच्या मागे लागलो. कार्बनच्या सांगाड्यावर क्लोरीन किंवा ब्रोमीन बसवणं हे सेंद्रिय संश्लेषणात दार बसवण्यासारखं आहे. एकदा दार बसलं की पुढे तिथून हवं ते आत नेता येतं : अमाइन, नायट्राइल, दुसरा कार्बन. खरा प्रश्न दार कुठे बसवायचं हा. टोल्यूइनचंच बघा, म्हणजे सहा कार्बनचं कडं आणि त्याला बाजूला लटकलेला एक मिथिल गट. लोहाच्या क्लोराइडसारखं उत्प्रेरक घालून, थंड ठेवून ब्रोमीन दिलं तर ते कड्यावर बसतं. उत्प्रेरक न घालता उजेड आणि उष्णता दिली तर तेच ब्रोमीन बाजूच्या मिथिल गटावर जातं. तोच पदार्थ, तेच ब्रोमीन, पण पहिल्या वाटेनं आयन धावतात आणि दुसऱ्या वाटेनं मुक्त मूलकं, म्हणजे सुटा इलेक्ट्रॉन घेऊन फिरणारे तुकडे. मला हे आजही विलक्षण वाटतं.

बाजूच्या साखळीसाठी आम्ही एनबीएस वापरायचो, म्हणजे एन-ब्रोमोसक्सिनिमाइड. कार्ल त्सिग्लर यांनी १९४२ मध्ये ते रूढ केलं. त्याआधी १९१९ मध्ये आल्फ्रेड वोल यांनी त्याच जातीच्या संयुगानं ही वाट दाखवली होती. एनबीएसची खुबी अशी की ते ब्रोमीन एकदम न देता थोडं थोडं सोडतं. आम्ही द्रावक म्हणून कार्बन टेट, म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइड, घ्यायचो. त्यात एनबीएस तळाशी बसायचं, आणि अभिक्रियेतून तयार होणारं सक्सिनिमाइड हलकं म्हणून वर तरंगायचं. तळ मोकळा झाला, वर पांढरा थर आला, की झालं. कुठलंही यंत्र नको. तो थर वर येताना बघून मला परीक्षानळी हलवणारी आमची पहिली बाकं आठवायची.

एकदा मी घाई केली. सगळं एनबीएस एकाच वेळी ओतलं आणि दिवा लावला. जवळजवळ तासभर फ्लास्कमध्ये काहीच हललं नाही. मी दिवा आणखी जवळ सरकवला. मग अभिक्रिया जी सुरू झाली ती एका मिनिटात कंडेन्सर भरून वरून द्रावक उसळून बाहेर पडेपर्यंत. कुणाला इजा झाली नाही, एवढंच नशीब. मार्गदर्शकांनी दिवा बंद केला आणि शांतपणे विचारलं, "तासभर ती ऊर्जा कुठे होती?" प्रश्नाची जात ओळखीची होती. त्या दिवसापासून मी कुठलाही हॅलोजन हप्त्याहप्त्यानं देतो, आणि ब्रोमीन उघडायच्या आधी शेजारी हायपोचं, म्हणजे ब्रोमीन मारणाऱ्या सोडियम थायोसल्फेटचं, द्रावण तयार ठेवतो. माझ्या हाताखालच्या प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी हेच करायला लावतो.

पुढे कारखान्यात आलो. माँट्रियल करारामुळे ओझोनला मारक म्हणून कार्बन टेट १ जानेवारी २०१० पासून बंद झालं. आम्ही क्लोरोबेन्झीन या दुसऱ्या द्रावकाकडे वळलो. तरंगणारा थर गेला, त्याची मला हळहळ वाटली, पण निर्णय योग्यच होता. आता बॅच संपली का हे बघायला स्टार्च-आयोडाइडचा कागद लावतो. ब्रोमीन देणारं काही शिल्लक असेल तर कागद निळा होतो. नसेल तर पांढरा राहतो. रात्रपाळीत कागद पांढरा राहिला की जिवात जीव येतो. इथेही शेवटी आयोडिनच.

मला सगळ्यात जास्त सतावलं ते हिशेबानं. कड्यावर ब्रोमीन बसवताना १६० किलो ब्रोमीन घेतलं तर ८० किलो पदार्थात जातं. उरलेलं ८० किलो हायड्रोजन ब्रोमाइड होऊन वायूच्या वाटेनं निघतं, स्क्रबरमध्ये, म्हणजे वायू धुणाऱ्या टाकीत, कॉस्टिक सोड्याशी गाठ पडते आणि मीठ होऊन सांडपाण्यात जातं. निम्मं! वर्षानुवर्षं आम्ही त्याला 'असंच असतं' म्हणत आलो. मला मात्र कानाशी सरांचा आवाज यायचा.

याची वाट मिठागरातून निघाली. माझे वडील उरणच्या मिठागरात मजुरीला होते, हे वर्गातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल, कारण निम्म्या वर्गाचे वडील तिथेच होते. मीठ जमलं की उरलेलं कडू पाणी ते बांध फोडून खाडीत सोडायचे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात ६५ मिलिग्रॅमच्या आसपास ब्रोमाइड असतं, आणि मीठ निघून गेल्यावर त्या कडू पाण्यात ते कित्येक पटींनी दाटतं. गुजरातेत कच्छच्या रणातल्या अशाच पाण्यातून ब्रोमीन काढतात. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेतल्या लोकांनी त्याच्याही पुढे जाऊन ब्रोमाइड आणि ब्रोमेट हे ब्रोमीनचे दोन सोडियम क्षार दोन-एक प्रमाणात घेऊन नवा अभिकारक केला. त्यात आम्ल घातलं की हायपोब्रोमस आम्ल तयार होतं, त्यातला ब्रोमीन कड्यावर बसतो आणि बाजूला पडतं ते पाणी. हातात द्रव ब्रोमीन घ्यावं लागत नाही, आणि निम्मं वायाही जात नाही. आमच्या एका मालासाठी ही पद्धत बसवायला मला दोन वर्षं लागली. ज्या दिवशी ती बसली, त्या दिवशी वडील हवे होते.

गेल्या दिवाळीत सरांना भेटायला गेलो. आता ऐंशीच्या पुढे आहेत, ऐकू कमी येतं, पण नजर तीच. मी कागदावर समीकरण लिहून दाखवलं. त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली, डावीकडचे ब्रोमीन मोजले, उजवीकडचे मोजले आणि मान हलवली. मग पेन्सिलीचं टोक सोडियमवर ठेवलं.

"आणि हा कुठे गेला?"

"सल्फेट होऊन पाण्यात, सर. ते पाणी आम्ही आटवतो, खाली मीठ बसतं."

"म्हणजे तिथंही मिठागरच," सर म्हणाले, आणि त्यांनी आत हाक मारून चहा ठेवायला सांगितला.