हातावरची फुली

दुपारी भाचा आला तो दोन्ही हातांवर काळ्या मार्करनं फुल्या मारून. आईला वाटलं, पेपर अवघड गेला. "आजी, स्ट्रेट एज आहे मी," म्हणाला. आईनं त्याच्यापुढं कडक भाकरी आणि शेंगाचटणी सरकवली, विषय संपला.

माझा संपेना. वॉशिंग्टनचा मायनर थ्रेट हा पंक बँड १९८० ते १९८३, एवढाच जगला. 'स्ट्रेट एज' हे त्यांचं गाणं तर जेमतेम पाऊण मिनिटाचं. चहा गाळून होईस्तोवर संपतं, म्हणून मी ते कायम तीनदा लावतो. दारू नको, नशा नको, शुद्धीत राहीन, हेच बोंबलून सांगायचं. फुली त्याही आधीची. गायक इयन मॅकायचा आधीचा बँड कॅलिफोर्नियात गेला, तेव्हा पोरं अल्पवयीन म्हणून क्लबवाल्यांनी हातावर फुली मारून आत सोडलं, दारू देऊ नये याची खूण. पोरांनी ती मिरवली, आणि पुढं त्या गाण्याच्या नावानं नशा न करणाऱ्या पोरांची चळवळच झाली. मला चळवळ काढायची नव्हती, असं मॅकाय नंतर सांगत राहिला. ऐकतंय कोण!

मला खरं वेड त्यांच्या रेकॉर्डच्या पाकिटांचं. डिस्कॉर्ड ही रेकॉर्ड कंपनी या पोरांचीच. दुसऱ्याच कुणाच्या रेकॉर्डचं पाकीट उकलून त्याचा साचा घेतला आणि घरी बसून आपली पाकिटं कातरली, दुमडली, चिकटवली. हे वाचलं तेव्हा सोलापूरच्या पूर्व भागातली आमची खोली आठवली. मांडीवर सूप घेतलेली आजी भिजवलेल्या तेंदूपानावर पत्र्याचा साचा ठेवून कात्री चालवायची. चिमूटभर तंबाखू, वळायचं, दोरा, टोक मुडपायचं. बोलत राहायची, हात थांबायचे नाहीत. हजार झाल्या की कारखान्यात. तिथं बिड्या तपासणारा मूठभर नापास करून बाजूला टाकायचा; त्या दिवशी ती घरी येऊन भांडी जरा जोरात घासायची. माझ्या वह्यांना तंबाखूचा वास यायचा. वह्या आल्या होत्या त्याच पैशातून.

भाच्याला हे सांगितलं. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला.

"मामा, मग पणजी ओढायची का?"

"कधीच नाही."

"म्हणजे स्ट्रेट एज की!"

"मिसरी लावायची, रोज सकाळी."

तो थोडा वेळ हातावरच्या फुलीकडं बघत बसला.

"मिसरी चालत नाही, मामा."