सातावरून चारावर

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. मडगावात चार जण तबकडी ऐकायला बसले की, फोंड्यात मैफल सुटली की, प्रश्न हाच येतो: 'वाद्यसंगीतात सगळ्यांत वरचढ प्रोग्रेसिव्ह रॉकच ना?' (म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांचं, 'प्रगत' म्हणवणारं रॉक.) निम्म्यांना 'हो' हवं असतं, उरलेल्यांना माझ्या तोंडून रॉकची नालस्ती. दोघांनाही मी आजवर अर्धवटच उत्तर दिलं.

पूर्वी मी सरळ 'हो' म्हणायचो. त्यामागची कारणं आजही खोटी वाटत नाहीत. एल.पी.च्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावत, आणि या रॉकवाल्यांनी ती अख्खी बाजू एकाच रचनेला दिली. वाद्याच्या मर्यादेतून वादनाची रीत काढली, तीही त्यांनीच. मेलोट्रॉन घ्या, म्हणजे टेपवरचे आवाज वाजवणारं पट्ट्यांचं वाद्य. 1969 साली किंग क्रिमसन या मेळाच्या पहिल्या तबकडीवर व्हायोलिनांचा जो पडदा पसरलेला ऐकू येतो, तो या यंत्राचा. प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा, आठेक सेकंदांचा. पट्टी दाबली की टेप पुढे सरकते, सोडली की मागे ओढली जाते. आठ सेकंदांनंतर आवाज संपला. म्हणून लांब स्वरमेळ धरताना वादक एकेक बोट पाळीपाळीने उचलून पुन्हा टेकवतो, म्हणजे सगळे स्वर एकदम तुटत नाहीत. जास्त पट्ट्या एकदम दाबल्या तर मोटरवर भार येऊन स्वर उतरतो. आज नमुना-ध्वनी (आधीच मुद्रित केलेले आवाज, सॅम्पल) वापरणाऱ्यांनी तो पडदा सलग धरून ठेवला की मला तो मेल्यासारखा वाटतो. त्यातला श्वास त्या बोटांच्या उचलण्यात होता.

पण तुम्ही नेहमी उदाहरण देता ते पिंक फ्लॉइड या मेळाच्या 'मनी' या गाण्याचं, 1973 मधल्या. तिथेच माझा 'हो' अडला.

सुरुवातीला नाणी, फाटणारा कागद, गल्ल्याचे यंत्र. असे सात आवाज टेपवर घेऊन, सारख्या लांबीचे तुकडे मोजून कापून, जोडून त्यांचं वेटोळं केलेलं. एक तुकडा म्हणजे एक मात्रा, सात मात्रांचं आवर्तन. त्यावर बास येतो. आता त्याखाली आपला सात मात्रांचा रूपक ताल धरून पाहा: तीं तीं ना, धी ना, धी ना. मात्रा जुळतात, वजन जुळत नाही. रूपकाची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, 'खाली' धरतात, हात तिथे हलका पडतो. इथे बास पहिल्याच मात्रेला खर्जातला स्वर टेकवून उभा राहतो. तबला लावायचा झाला तर ठेका बदलावा लागेल, नाहीतर दोघं प्रत्येक समेला भांडतील.

सॅक्सोफोन सातावरच बोलतो. मग गिटार येते आणि सगळा मेळ चारावर जातो.

का? ही गिटार ब्लूजची (अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या गाण्यातून आलेली शैली), आणि ब्लूजची वाक्यं चारात वाढलेली, सातात त्यांचा श्वास कोंडतो. हे मला पटतं. पण आपल्याकडे सात हीच बोलायची भाषा आहे. पाच मात्रांचा तुकडा समेपासून तीनदा, मध्ये दम (थांबा) न ठेवता घेतला की पंधरावी मात्रा नेमकी तिसऱ्या आवर्तनाची सम. हा हिशेब वादक वाजवता वाजवता करतो, तेही सूर न सोडता. लयीचे जाणकार तबलावादक खाप्रूमामा पर्वतकर एका हाताने एक ताल आणि दुसऱ्या हाताने दुसरा धरत असं आपल्या गोव्यात सांगतात, त्या मातीतल्या माणसाने 'सात' ऐकून दिपून जायचं कारण नाही. सुंवारीत, म्हणजे गोव्याच्या पारंपरिक घुमट-वादनात, घुमट (चामडं मढवलेलं मातीचं मडकं) वाजवणारा डाव्या तळव्याने मडक्याचं मागचं तोंड झाकत-उघडत आघाताचा खर्ज बदलतो. सोबत शामेळ (नगारीसारखं तालवाद्य) आणि कासाळे (झांजा) चालूच. पावसात चामडं ढिलं पडलं की आधी ते तापवायचं, मगच वाजवायला बसायचं. त्यालाही 'प्रगत' म्हणावं असं मी म्हणतो तेव्हा तुम्ही हसता, म्हणून आज चिडून लिहितो आहे.

तरी माझं जुनं म्हणणं गप्प बसत नाही. ते म्हणतं, चारावरची ती गिटार सुटल्यासारखी वाटते ती सातात आधी जखडून ठेवल्यामुळेच. आणि त्या सोलोत मधल्या फेरीला गिटारवरची घुमार (प्रतिध्वनीचा परिणाम) काढून घेतात, वाद्यंही आखडतात. तिसऱ्या फेरीला सगळं परत उघडतं. एकच गिटार खोलीतून मैदानात गेल्यासारखी. हे तालाचं काम नाही, जागेचं आहे. हे काम आपल्या मैफलीत होतच नाही, कारण आपण माणसाच्या हातापुढे दालनाला कधी वाद्य मानलं नाही. या बाबतीत रॉकचं पारडं जड आहे, हे मी नाकारणार नाही. उलट एकाच स्वराला मींडेने, म्हणजे स्वर न तोडता सरकवत, घटकाभर जिवंत ठेवायचं म्हटलं तर त्यांच्या वीस मिनिटांत तेवढी सवडच नसते.

मग श्रेष्ठ कोण? तबकडी पुन्हा लावा. गिटारचा सोलो संपून शेवटच्या कडव्याला बास सातावर परततो, तेव्हा बोटं मोजत ठेवा. मी दर वेळी मोजतो, आणि दर वेळी मला ते घरी परतल्यासारखं वाटतं की परत कोंडल्यासारखं, हे ठरत नाही.